सोनोग्राफी रिपोर्टमध्ये 'बल्की युटेरस' लिहिलंय? घाबरण्याआधी ओटीपोटाचा हा नकाशा समजून घ्या

ओटीपोटात दुखतं, पाळीत जास्त जातं किंवा अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात जाते. डॉक्टर सोनोग्राफी करायला सांगतात. अर्ध्या तासात रिपोर्ट हातात पडतो. त्यात दोन काळे-पांढरे फोटो आणि इंग्रजीत सात-आठ ओळी असतात. 'बल्की', 'सिस्ट', 'फ्लुइड' असे शब्द दिसतात. घरी कुणालाच त्याचा अर्थ लागत नाही आणि मग कुणीतरी म्हणतं, "पिशवी खराब झालीय, काढून टाका."

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यासाठी हा प्रश्न लांबचा नाही. जामखेडला लागूनच बीड जिल्ह्यातले आष्टी आणि पाटोदा हे तालुके आहेत. या पट्ट्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. बीडमधल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं होतं.

सोनोग्राफी शिकणाऱ्या डॉक्टरांना मशीनला हात लावण्याआधी ओटीपोटाची रचना शिकवली जाते. तीच रचना सोप्या भाषेत समजली, तर रिपोर्टमधले बरेचसे शब्द भीतीदायक वाटत नाहीत आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात.

हे सामान्य बाईला समजेल का? जामखेडचं उत्तर

हा प्रश्न जामखेडमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावी डॉक्टर पोहोचणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही दलित कुटुंबांतल्या होत्या. या बायका गर्भाशय कुठे असतं, पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते कसं ओळखायचं, कोणती बाळंतपणं धोक्याची असतात, हे शिकल्या. गावात परत जाऊन त्यांनी ते इतरांना सांगितलं. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 'जामखेड मॉडेल' जगभर अभ्यासलं गेलं.

म्हणजे शरीराची रचना समजायला डिग्री लागत नाही. कुणीतरी आपल्या भाषेत सांगावं लागतं.

ओटीपोटात काय कुठे असतं?

बेंबीच्या खाली, दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांमध्ये एक खोलगट जागा असते. तिला ओटीपोट किंवा श्रोणी म्हणतात. पुढे जांघेच्या वरचं हाड आणि मागे माकडहाड अशी तिची हद्द. या जागेत पुढून मागे तीन गोष्टी एकामागे एक बसलेल्या असतात.

सगळ्यात पुढे मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी. मध्ये गर्भाशय. सगळ्यात मागे गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. हा क्रम लक्षात ठेवला की सोनोग्राफीचा फोटो निम्मा समजतो.

गर्भाशय: उलट्या ठेवलेल्या पेरूसारखा आकार. रुंद भाग वर, निमुळता भाग खाली. खालच्या निमुळत्या भागाला गर्भाशयमुख म्हणतात. बोलीभाषेत 'पिशवीचं तोंड'. ते योनीमार्गात उघडतं. गर्भाशयाच्या भिंतीचा मुख्य थर स्नायूंचा असतो, त्याला मायोमेट्रियम म्हणतात. आतलं मऊ अस्तर म्हणजे एंडोमेट्रियम. दर महिन्याला हेच अस्तर वाढतं आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपानं बाहेर पडतं.

बीजांडकोश: गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक. आकार साधारण सोललेल्या बदामापेक्षा थोडा मोठा. इथे बीजं असतात आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स तयार होतात. बीजांडकोश एका जागी घट्ट बसलेले नसतात, थोडे इकडेतिकडे सरकतात. म्हणून सोनोग्राफी करताना डॉक्टर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आधी शोधतात. बीजांडकोश बहुतेक वेळा त्यांच्या जवळच सापडतो.

बीजवाहिन्या: गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून निघणाऱ्या, साधारण 10 ते 12 सेंटीमीटर लांबीच्या बारीक नळ्या. बीज आणि शुक्रजंतू यांची गाठ इथे पडते.

मागची खोलगट जागा: गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्याला 'पाऊच ऑफ डग्लस' म्हणतात. बाई उभी असताना पोटाच्या पोकळीतली ही सगळ्यात खालची जागा. पोटात कुठेही पाणी, रक्त किंवा पू झाला तर तो इथे उतरतो. म्हणून प्रत्येक तपासणीत हा खळगा पाहिलाच जातो.

मूत्रवाहिन्या: मूत्रपिंडाकडून लघवी आणणाऱ्या दोन नळ्या. त्या गर्भाशयमुखाच्या बाजूने, दोनेक सेंटीमीटर अंतरावरून पुढे जातात. गर्भाशयाला रक्त देणारी धमनी त्यांच्या वरून जाते, जसा पुलाखालून ओढा वाहतो तसं. गर्भाशय काढताना हीच धमनी बांधावी लागते. त्यामुळे या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका कमी असला तरी असतोच. 'पिशवी काढणं' हे दात काढण्याइतकं साधं काम नाही, ते या एका गोष्टीवरून लक्षात येतं.

सोनोग्राफी हे सगळं कसं पाहते?

सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात पाठवल्या जातात. त्या आतल्या अवयवांवर आदळून परत येतात आणि त्या प्रतिध्वनीवरून मशीन चित्र तयार करतं. स्त्रीरोगात या तंत्राचा पाया स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानं घातला.

चित्र वाचण्याचा साधा नियम असा:

- काळं: पाणी किंवा द्रव. भरलेलं मूत्राशय, पाण्याची गाठ काळी दिसते.
- राखाडी: मांसल भाग. गर्भाशयाची भिंत, बीजांडकोश.
- पांढरं: हाड, हवा, कॅल्शियम. यांच्या पलीकडचं नीट दिसत नाही.

पोटावरून सोनोग्राफी करताना "भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊ नका" असं का सांगतात? आतड्यात हवा असते आणि हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. मूत्राशय भरलं की ते आतडी वर ढकलतं. शिवाय पाण्यातून लहरी सहज जातात. भरलेलं मूत्राशय म्हणजे गर्भाशय पाहण्यासाठीची खिडकीच.

दुसरी पद्धत योनीमार्गातून. तिला टीव्हीएस म्हणतात. यात मूत्राशय रिकामं ठेवतात. प्रोब अवयवांच्या जवळ जात असल्यामुळे चित्र जास्त स्पष्ट येतं. मात्र ही तपासणी करण्याआधी बाईची संमती घेणं आवश्यक आहे. तपासणीच्या वेळी सोबत महिला कर्मचारी असावी असं सांगता येतं. लैंगिक संबंध न आलेल्या मुलींची तपासणी साधारणपणे पोटावरूनच करतात.

फोटो पाहताना आणखी एक गोष्ट. आडव्या छेदाच्या चित्रात तुमच्या डाव्या हाताला दिसणारा बीजांडकोश हा रुग्णाचा उजवा असतो, कारण डॉक्टर समोरून पाहत असतात.

नॉर्मल किती?

आकडे वयाप्रमाणे, बाळंतपणाप्रमाणे आणि पाळीच्या दिवसाप्रमाणे बदलतात. ढोबळ अंदाज असा:

- गर्भाशय: लांबी साधारण 7 ते 8 सेंटीमीटर. बाळंतपणं झालेल्या बाईत एक-दीड सेंटीमीटर जास्त असू शकते. पाळी गेल्यावर ते आक्रसतं.
- अस्तर: पाळीच्या दिवसांत 1 ते 4 मिलीमीटर. नंतर वाढत जातं. पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात 16 मिलीमीटरपर्यंत असलं तरी ते सहसा नॉर्मल असतं.
- बीजांडकोश: आकारमान साधारण 10 मिलिलीटरपर्यंत. रिपोर्टमध्ये तीन मापं दिलेली असतील तर त्यांचा गुणाकार करून 0.52 नं गुणलं की मिलिलीटरमधला अंदाज मिळतो.
- बीज फुटण्याआधीची पिशवी: साधारण 20 मिलीमीटर. ती आजाराची गाठ नसते.

यावरून एक व्यवहारातली गोष्ट निघते. सोनोग्राफीला जाताना शेवटच्या पाळीची तारीख सांगायला विसरू नका. पाळीच्या पाचव्या दिवशी 14 मिलीमीटरचं अस्तर दिसलं तर चौकशी करावी लागते. पंचविसाव्या दिवशी तेच अस्तर साधी बाब असते.

रिपोर्टमध्ये हे शब्द आले तर अर्थ काय?

बल्की युटेरस: गर्भाशय सरासरीपेक्षा थोडं मोठं. हे आजाराचं नाव नाही, फक्त मापाचं वर्णन आहे. अनेक बाळंतपणांनंतर असं दिसू शकतं. फायब्रॉइड किंवा एडिनोमायोसिस (अस्तरासारखा भाग स्नायूच्या थरात शिरणं) यामुळेही दिसू शकतं. त्रास काय आहे, त्यावर पुढचं ठरतं.

अँटिव्हर्टेड किंवा रेट्रोव्हर्टेड: गर्भाशय पुढे झुकलेलं की मागे, एवढंच. बहुतेकींचं पुढे झुकलेलं असतं. साधारण पाचातल्या एकीचं मागे झुकलेलं असतं. दोन्ही नॉर्मल.

फायब्रॉइड: स्नायूची गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांमध्ये लहान-मोठ्या गाठी असतात आणि अनेकींना त्यांचा पत्ताही नसतो. या गाठी कॅन्सरच्या असण्याची शक्यता फारच कमी असते. गाठ कुठे आहे ते तिच्या आकाराइतकंच महत्त्वाचं. अस्तराजवळची लहान गाठ खूप रक्तस्राव घडवू शकते, तर बाहेरच्या बाजूची मोठी गाठ काहीच त्रास देत नाही.

सिंपल सिस्ट: बीजांडकोशातली पाण्याची गाठ. पाळी चालू असलेल्या बाईत 5 सेंटीमीटरपेक्षा लहान अशी गाठ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते.

पॉलिसिस्टिक ओव्हरी: बीजांडकोशात अनेक छोट्या पिशव्या. या गाठी नसतात, न वाढलेली बीजं असतात. फक्त सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं पण पाहावी लागतात.

नेबोथियन सिस्ट: पिशवीच्या तोंडावरच्या छोट्या, निरुपद्रवी पाण्याच्या गाठी. उपचार लागत नाहीत.

मिनिमल फ्री फ्लुइड: मागच्या खळग्यात थोडं पाणी. बीज फुटल्यानंतर असं दिसणं सामान्य आहे. मात्र पाळी चुकली आहे, पोटात जोरात दुखतं आहे, चक्कर येते आहे आणि सोबत पाणी दिसत असेल, तर नळीतला गर्भ असू शकतो. तेव्हा एक मिनिटही न घालवता मोठ्या रुग्णालयात जावं.

सोनोग्राफीत काय दिसत नाही?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. "पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगून अनेकींना घाबरवलं जातं. पण गर्भाशयमुखाचा सुरुवातीचा कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल सोनोग्राफीत दिसतच नाहीत. त्यासाठी पॅप स्मिअर, व्हीआयए किंवा एचपीव्ही या तपासण्या असतात आणि शंका आली तर तुकडा काढून तपासावा लागतो.

अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा संसर्गामुळे असतं. ते औषधांनी बरं होतं. कधी कधी तर ते नैसर्गिकच असतं. यासाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते.

हे त्रास किती मोठ्या प्रमाणावर दुर्लक्षित राहतात ते गडचिरोलीत दिसलं होतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी जेमतेम 8 टक्के स्त्रियांचीच अशी तपासणी झाली होती.

बीडमध्ये नेमकं काय झालं होतं?

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. तोडीच्या ठिकाणी संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. मग संसर्ग होतो, दुखणं वाढतं आणि "एकदाची पिशवी काढली की कटकट संपली" हा सल्ला सोपा वाटतो.

तत्कालीन विधान परिषद उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 महिलांचं गर्भाशय काढल्याचं समोर आलं. म्हणजे जवळपास 17 टक्के, साधारण सहापैकी एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या भारतीय महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे 3 टक्के होतं. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत वेगळी असली, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे.

त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक करण्यात आलं. केंद्र सरकारनं 2022 मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

पिशवी काढल्यावर शरीरात काय बदलतं?

गर्भाशय काढलं की पाळी बंद होते आणि मूल होत नाही. दोन्ही बीजांडकोशही काढले तर हार्मोन्स एकदम थांबतात. तिशी-पस्तिशीतल्या बाईला अचानक रजोनिवृत्ती येते. अंगातून गरम वाफा, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयविकाराचा धोका वाढणं हे त्याचे परिणाम. बीजांडकोश ठेवले तरी काहींमध्ये त्यांचं काम काही वर्षं आधी थांबतं. कोयता हातात घेऊन मोळ्या उचलणाऱ्या बाईसाठी ठिसूळ हाडं म्हणजे रोजगारावरच घाव.

कधी कधी गर्भाशय काढणं खरोखर गरजेचं असतं. कॅन्सर, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या फायब्रॉइड, अंग बाहेर येणं अशा वेळी ही शस्त्रक्रिया जीव किंवा जगणं वाचवते. प्रश्न असतो तो घाईचा.

मशीन आणि कायदा

हेच मशीन मुलींच्या जिवावर उठलं होतं, म्हणून त्यावर कायद्याचं नियंत्रण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा, 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची नोंदणी लागते. गर्भाचं लिंग सांगणं हा गुन्हा असून पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रिटन-अमेरिकेत 'सोनोग्राफर' हा वेगळा व्यवसाय आहे. भारतात मात्र कायद्यानं ठरवलेली पात्रता असलेल्या डॉक्टरनंच सोनोग्राफी करायची असते.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी हे विचारा

1. मला नेमका कोणता आजार आहे? त्याचं नाव लिहून द्याल का?
2. गाठ असेल तर ती किती सेंटीमीटरची आहे आणि कुठे आहे?
3. औषधं, हार्मोन्सची तांबी किंवा फक्त गाठ काढणं असा दुसरा उपाय आहे का?
4. कॅन्सरची शंका असेल तर पॅप स्मिअर किंवा बायोप्सी झाली आहे का?
5. बीजांडकोश ठेवणार की काढणार? का?
6. दोन-तीन महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी केली तर चालेल का?

सोनोग्राफीचे फोटो आणि रिपोर्ट जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तेच कागद दाखवता येतात. गावातल्या आशाताई त्यासाठी मदत करू शकतात.

मात्र पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव किंवा पोटात अचानक तीव्र दुखणं यांपैकी काही असेल तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावेत.)